'क्लीन' असे दिसल्यावरही ईएक्सटी-४ ची तपासणी करावी का?

आपण विचारले आहे की, वीज गेल्यामुळे संगणक अचानक बंद पडला आणि पुन्हा सुरू करताना एफएससीके या फाइल सिस्टिम तपासणाऱ्या प्रोग्रॅमने क्षणात 'क्लीन' असे दाखवले, तर लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीला) जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, असताना वेगळी तपासणी करावी का. माझ्या मते अवश्य करावी, कारण 'क्लीन' याचा अर्थ तपासणी झाली असा होत नाही. सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असलेल्या ब्लॉकमध्ये) चूक झाल्याची खूण नाही एवढेच पाहून तो प्रोग्रॅम थांबलेला असतो.

बदल प्रत्यक्ष जागेवर लिहिण्याआधी त्याची नोंद जर्नलमध्ये होते आणि अर्धवट राहिलेले काम पुढच्या वेळी त्या नोंदींवरून पूर्ण केले जाते. ईएक्सटी मालिकेत ही सोय लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) २००१ साली ईएक्सटी-३ बरोबर आली. परंतु नेहमीच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत केवळ मेटाडेटाची (फाइलींविषयीच्या माहितीची, आतल्या मजकुराची नव्हे) नोंद होते, आणि खराब सेक्टर, सदोष रॅम किंवा सैल केबल यांमुळे झालेली नासाडी जर्नलला कळतच नाही. माझ्या जुन्या डिस्कवर कित्येक महिने 'क्लीन' येत होते. सक्तीची तपासणी केली तेव्हा लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरमध्ये नाव हरवलेल्या, केवळ आकडे लावलेल्या फाइली सापडल्या, त्यांत घरातले फोटो होते.

आधी बॅकअप घ्या. मग लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स थेट चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) संगणक सुरू करून तपासायचे पार्टिशन (डिस्कचा भाग) माउंट झालेले, म्हणजे वापरासाठी जोडलेले, नाही याची खात्री करा, कारण माउंट केलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती चालवल्यास धडधाकट फाइल सिस्टिमही बिघडू शकते. ई-टू-एफएससीके (ईएक्सटीसाठीचा एफएससीके) '-एफ' या सक्तीच्या पर्यायासह चालवला की 'क्लीन' असतानाही आयनोड (प्रत्येक फाइलच्या माहितीची नोंद), डिरेक्टरी, त्यांची जोडणी, लिंकांची संख्या आणि मोकळ्या ब्लॉकांचा हिशेब असे पाचही टप्पे तपासले जातात. त्याआधी '-एन' जोडून नुसते पाहता येते. मात्र तेव्हा जर्नल लागू केले जात नसल्याने अचानक बंद पडलेल्या संगणकावर नसलेल्या चुकाही दिसतात, त्यांनी घाबरू नका. (एक्सएफएस ही वेगळी फाइल सिस्टिम वापरत असाल तर तिथला एफएससीके सहसा काहीच करत नाही, एक्सएफएस-रिपेअर वापरावा लागतो.)

दुरुस्तीनंतर तीच तपासणी पुन्हा करा. दुसऱ्या फेरीतही नव्या चुका निघाल्या, तर तिसरी फेरी न करता डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) पाहा आणि जमेल तेवढा डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवा.