पंखाखालची जागा : वाचकांचे प्रश्न

देवाच्या सांभाळाबद्दल पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) इतके काही लिहिलेले असताना ते वाचून मनाला उभारी का येत नाही, असे विचारणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतल्या काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : रात्री भीती दाटून येते म्हणून झोपण्यापूर्वी मी ९१वे स्तोत्र वाचते. सोळाही वचने पाठ आहेत. तोंडाने शब्द चालू असतात आणि मन भलतीकडेच असते. माझे काय चुकते?

तुम्ही एका बैठकीत फार चित्रे घेता. या स्तोत्राच्या पहिल्या चार वचनांतच सावली आहे, दुर्ग आहे, पारध्याचा फास आहे, पंख आहेत आणि ढालही आहे. थकलेले मन इतक्या ठिकाणी थांबू शकत नाही. रात्री फक्त चौथे वचन घ्या (‘तो तुझ्यावर पाखर घालील, त्याच्या पंखांखाली तुला आश्रय मिळेल’), आणि त्यातही पंखांपाशीच राहा. (काही जुन्या कॅथलिक आवृत्त्यांत हेच स्तोत्र ९० व्या क्रमांकावर सापडेल, कारण ग्रीक आणि लॅटिन परंपरेत स्तोत्रांचे क्रमांक वेगळे पडतात.)

या वचनासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : पाखर घालणे. तो नुसता उच्चारू नका, डोळ्यांसमोर आणा. स्तोत्रकर्ता पक्ष्याचे नाव घेत नाही. येशूने मात्र स्वतःसाठी कोंबडीच निवडली (मत्तय २३:३७). आकाशात घारीची सावली फिरली की कोंबडी वेगळाच आवाज काढते, पिले धावत येतात, ती पंख सैल सोडून जमिनीला टेकते आणि पिले आत शिरतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना पहिले काही आठवडे स्वतःच्या अंगात पुरेशी ऊब धरता येत नाही. ती त्यांना आईच्या अंगाला चिकटूनच मिळते. आत अंधार असतो. पिलाला आईचा चेहरा दिसत नाही, घारही दिसत नाही. त्याला जाणवते ती फक्त ऊब. तुमच्या खोलीतल्या अंधाराकडे एकदा या नजरेने पाहा.

आता कृती. दहा मिनिटे पुरतात. अंथरुणात आडवे होण्याआधी बसूनच वाचा, आणि मोबाइलवर न वाचता छापील पुस्तकातून वाचा. वचन तीनदा, ऐकू येईल अशा आवाजात म्हणा. पहिल्यांदा नुसते शब्द. दुसऱ्यांदा ‘पंखांखाली’ या शब्दावर दोन श्वास थांबा. तिसऱ्यांदा ‘तुझ्यावर’च्या जागी ‘माझ्यावर’ म्हणा. मग भीतीचे नाव घ्या, एका वाक्यात : ‘उद्याच्या तपासणीची भीती वाटते.’ ‘मला सगळ्याची भीती वाटते’ असे म्हटले तर मन पुन्हा सैरावैरा धावते. त्यानंतर दोन-तीन मिनिटे गप्प बसा. लक्ष उडाले तर स्वतःला बोल न लावता ‘पाखर’ एवढा एकच शब्द म्हणून परत या. हेच वचन सात रात्री घ्या.

ही रीत फसते ती बहुधा दोन कारणांनी. एक, रोज वचन बदलले जाते. दुसरे, वाचता वाचताच ‘आता बरे वाटले का?’ अशी स्वतःची तपासणी सुरू होते. पिलू ऊब मोजत बसत नाही.

झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल तर डॉक्टरांना जरूर भेटा. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. हिज्कीया राजाला १५ वर्षांच्या आयुष्याचे वचन मिळाले होते, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायलाच सांगितले (२ राजे २०:५-७).

प्रश्न : ‘तुझ्यावर काही अरिष्ट येणार नाही’ हे वचन आम्ही घरात रोज म्हणत होतो. तरी घरात मोठे आजारपण आले. आमचा विश्वास कमी पडला, की वचन खोटे?

दोन्ही नाही. ‘विश्वास कमी पडला’ असे कोणी तुम्हाला सांगितले असेल तर ते मनातून काढून टाका. आजारी माणसाच्या उशाशी त्याहून क्रूर वाक्य नाही.

याच स्तोत्रातली ११ आणि १२ ही वचने शास्त्रात आणखी एकदा कोणी उच्चारली आहेत, ते पाहा. मंदिराच्या शिरावर उभ्या असलेल्या येशूला सैतान ती ऐकवतो (मत्तय ४:६) : उडी टाक, देवदूत तुला झेलतील. म्हणजे हे स्तोत्र विम्याच्या कागदासारखे वापरता येते हे शास्त्राला ठाऊक आहे, आणि तो वापर शास्त्राने कोणाच्या तोंडी घातला आहे तेही उघड आहे. येशूचे उत्तर अनुवाद ६:१६ मधले आहे : देवाची परीक्षा पाहू नको.

आता स्तोत्र शेवटपर्यंत वाचा. १४व्या वचनापासून देव स्वतः बोलू लागतो, आणि १५व्यात म्हणतो की संकटसमयी मी त्याच्याजवळ असेन. वचन देणारा संकट गृहीत धरतो. यशया ४३:२ मध्येही ‘तू पाण्यांतून चालशील तेव्हा’ असे आहे. पाणी लागणारच नाही, असे तेथे म्हटलेले नाही. ५७व्या स्तोत्राचा मथळा तर सांगतो की दावीद शौल राजापासून पळून गुहेत लपला तेव्हाचे हे गीत आहे. तेथे तो म्हणतो, अरिष्ट टळेपर्यंत मी तुझ्या पंखांच्या छायेत राहीन. त्या वेळी त्याच्याभोवती दिसायला फक्त दगड होता.

सध्या ९१वे स्तोत्र बाजूला ठेवा. महिनाभर १३वे घ्या. त्यात सहाच वचने आहेत आणि सुरुवातच ‘किती वेळ?’ या प्रश्नाने होते. तेही जड वाटले तर ८८वे. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. तुमच्या घरातला राग आणि रडणे देवासमोर मांडायला जागा आहे, हे त्या एका गोष्टीवरूनही कळते.

प्रश्न : माझ्या वडिलांनी आम्हाला फार मारले. ‘देवबाप’ हा शब्द ऐकला की अंग आखडते. इतरांना ज्यातून आधार मिळतो तेच मला का बोचते?

कारण चित्राचा अर्थ आपण स्वतःच्या अनुभवातून लावतो, आणि तुमच्या अनुभवात त्या शब्दाला मार चिकटला आहे. यात तुमचा दोष नाही. काही काळ दुसऱ्या दाराने आत या.

यशया ४९:१५ उघडा. आपल्या तान्ह्या बाळाला आई विसरेल काय, असा प्रश्न आहे. आपण ‘छे, कसे विसरेल?’ असे उत्तर धरून चालतो. शास्त्र तसे म्हणत नाही. ‘कदाचित त्या विसरतील, पण मी तुला विसरणार नाही,’ असे ते म्हणते. आईबाप चुकू शकतात हे तेथे स्वच्छ मान्य केले आहे, आणि २७व्या स्तोत्राच्या दहाव्या वचनातही. पुढच्याच वचनात (४९:१६) देव म्हणतो की मी तुला माझ्या तळहातांवर कोरले आहे. मूळ शब्द कोरण्याचाच आहे, शाईने लिहिण्याचा नाही. हात आठवून हातांचीच भीती वाटत असेल तर हे वचन उतावीळपणे पाठ करू नका. नुसते लिहून ठेवा आणि अधूनमधून पाहा.

इब्रीत, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेत, करुणेसाठी ‘रहमीम’ हा शब्द येतो. आईच्या उदराला ‘रेहेम’ म्हणतात, आणि दोन्हींचे मूळ एकच. जुन्या जखमांबद्दल जाणत्या समुपदेशकाशी बोलणे हाही सांभाळाचाच भाग धरा.

प्रश्न : देव सर्वांचाच आहे, तर मला वैयक्तिक ओळखतो असे मानणे भाबडेपणा नाही का?

१७व्या स्तोत्राचे आठवे वचन पाहा : डोळ्यातल्या बाहुलीसारखे मला जप. इब्रीत तिला ‘ईशोन’ म्हणतात, म्हणजे चिमुकला माणूस. मराठीतही आपण बाहुलीच म्हणतो, हे किती छान जुळले आहे! समोरच्याच्या बुबुळात आपली छोटीशी प्रतिमा दिसते, त्यावरून हे नाव पडले असावे. ती दिसायला जवळजवळ वीतभर अंतरावर यावे लागते.

प्रश्न : ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ हे रविवारच्या वर्गात मुलांना कसे सांगावे? काठी म्हटले की मुले दचकतात.

काठीचा रोख कोणाकडे आहे ते आधी सांगा. २३व्या स्तोत्रातल्या दोन शब्दांपैकी एक आखूड सोट्यासाठी आहे, जो हिंस्र जनावराला हाकलायला लागतो. दुसरा टेकायच्या लांब काठीसाठी. शिवाय मेंढरे काठीखालून एकेक करून जाऊ देत आणि मोजत (लेवीय २७:३२). मुलांना हे करून दाखवता येते : दारात एक काठी आडवी धरा, एकेकाचे नाव घेत खालून जाऊ द्या. मग चौथ्या वचनात ‘तो’चा ‘तू’ कसा होतो ते त्यांनाच शोधायला सांगा. अंधाऱ्या दरीत शिरताच मेंढपाळाबद्दल बोलणे थांबते आणि मेंढपाळाशी बोलणे सुरू होते.

प्रश्न : मैत्रिणीचे यजमान नुकतेच वारले. तिला कोणते वचन पाठवू? भेटायला गेले तर काय वाचू?

पाठवू नका, जा. याला आधार रूथच्या पुस्तकात आहे. रूथही विधवाच. तिच्या सासरचा नातलग बवाज तिला म्हणतो की तू परमेश्वराच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस (२:१२). पुढे रूथ त्याच बवाजला म्हणते, तुझ्या वस्त्राचा पदर माझ्यावर पसर (३:९). इब्रीत पंख आणि पदर या दोन्हींसाठी ‘कानाफ’ हा एकच शब्द आहे. बवाजने ज्या पंखांचा आशीर्वाद दिला ते पंख त्यालाच व्हायला रूथ सांगते आहे. तेव्हा जाताना जेवणाचा डबा न्या, कागदपत्रांसाठी एक दिवस मोकळा ठेवा.

वाचायचेच तर आधी विचारा, ‘एक छोटे स्तोत्र वाचू का?’ ती नको म्हणाली तर पुस्तक पिशवीतच राहू द्या. हो म्हणाली तर १२१वे घ्या. आठ वचने आहेत, सावकाश वाचली तरी दोन मिनिटांत होतात. त्यात ‘राखणे’ या अर्थाचे एकच इब्री क्रियापद सहा वेळा येते. भाषांतरात कुठे रक्षक, कुठे सांभाळ असे बदलत जाते, म्हणून त्या प्रत्येक जागी आवाज किंचित थांबवा. ९१वे येथे टाळा : ‘तुझ्या बाजूस सहस्र पडले तरी’ हे सातवे वचन जिच्या घरातले माणूस गेले आहे तिच्या कानावर पडू नये. ‘देवाची इच्छा’, ‘यातही काही हेतू असेल’ अशी पुरवणीही जोडू नका.

१२१व्याचे शेवटचे वचन तुझ्या जाण्यायेण्याविषयी आहे. ते वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका. ती रडली तर रडू द्या, आणि पहिले वाक्य तिला बोलू द्या.