पाच गिअर की सहा? ऑटोक्रॉससाठी जुनी मिआटा घेताना

अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संघटनेच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे एकेका गाडीच्या वेळेवर ठरणाऱ्या स्पर्धेत, उतरण्यासाठी आपण दुसऱ्या पिढीची माझदा मिआटा ही छोटी स्पोर्ट्स कार पाहत असाल, तर गिअर किती आहेत यापेक्षा दुसरा गिअर कोठवर पुरतो, हे आधी तपासावे. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून आखलेल्या मार्गावर पहिला गिअर फक्त सुटताना लागतो आणि उरलेली फेरी बहुतेक दुसऱ्यातच जाते.

पाच गिअरच्या गाडीत दुसऱ्याचे गुणोत्तर १.८८८ आणि डिफरन्शिअलचे (चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचे) ४.३०, म्हणजे गुणाकार करून एकूण सुमारे ८.१ होते (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे इतके फेरे), सहा गिअरच्या अमेरिकी गाडीत हेच २.२६९ आणि ३.९०९, म्हणजे जवळपास ८.९. त्यामुळे १९५/५० आर १५ टायरवर, इंजिन ७,००० आरपीएमला असताना, पाच गिअरची गाडी दुसऱ्यात ताशी सुमारे ९३ किलोमीटर गाठते, तर सहा गिअरची ८५ च्या आसपासच थांबते. अरुंद वळणातून बाहेर पडताना सहा गिअरची गाडी अधिक जोमाने ओढते, हे खरे. पण मार्ग जरा वेगवान असला की नेमके शंकूंच्या रांगेत तिसरा टाकावा लागतो, आणि नवख्याचे लक्ष तेव्हा स्टिअरिंगवर हवे असते. माझ्या मते पाच गिअरचीच घ्यावी.

स्ट्रीट गटात, म्हणजे जवळपास मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या वर्गात, गुणोत्तरे बदलता येत नाहीत, म्हणून निवड खरेदीच्या वेळीच करावी लागते. गाडी चालवून पाहताना इंजिन थंड असतानाच तिसऱ्यावरून दुसऱ्यात यावे. खरखर ऐकू आली, तर सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारे कडे) झिजल्याची शंका घ्यावी आणि किमतीत ती धरावी.