बारालाचा लावरचा लॉग आणि टर्बोवरचा संशय

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढे हे उत्तर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याहून टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेली १.२ लिटरची पेट्रोल गाडी घेऊन तुम्ही मनालीमार्गे लेहला गेलात. बारालाचा ला या खिंडीच्या चढावर वळणावळणाला गाडी दम टाकू लागली, मोबाइलवरच्या ॲपमध्ये पुण्यात ८१ किलोपास्कल दिसणारा बूस्ट (टर्बोने बाहेरच्या हवेपेक्षा वाढवलेला दाब) तिथे जेमतेम ३७ दिसला, आणि लेहमधल्या एका गॅरेजमध्ये ‘टर्बो गेला आहे, बदलावा लागेल’ असे निदान झाले. पुणे, लेह आणि बारालाचा ला अशा तीन ठिकाणचे लॉग, म्हणजे ॲपने टिपलेल्या आकड्यांच्या नोंदी, तुम्ही दिले आहेत. ते नीट वाचल्यावर माझे मत असे आहे की टर्बो व्यवस्थित आहे आणि त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. मात्र त्याच लॉगमध्ये एक लहानशी गळती दिसते आहे, तिचा शोध जरूर घ्या.

सगळा गोंधळ बूस्टच्या आकड्यातून झाला आहे. गाडीतला सेन्सर बूस्ट मोजत नाही, तो इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) निरपेक्ष, म्हणजे पूर्ण निर्वातापासून धरलेला, दाब मोजतो. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट मिळतो, आणि ही वजाबाकी ॲप करते. तुमच्या ॲपने बाहेरचा दाब सगळीकडे १०१ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीचा धरला आहे. पुण्यात मॅनिफोल्डचा दाब १८२ होता, म्हणून ८१. खिंडीत तो १३८ होता, म्हणून ३७. पण पुणे समुद्रसपाटीवर नाही. सुमारे ५६० मीटर उंचीवर हवेचा दाब ९५ च्या आसपास असतो, आणि बारालाचा ला, म्हणजे सुमारे ४,८९० मीटरवर, तो ५५ पर्यंत उतरतो. तुमच्या लॉगमधल्या वातावरणीय दाबाच्या रकान्यातही हेच आकडे आहेत. ते वापरून वजाबाकी केली तर पुण्यात बूस्ट ८७ आणि खिंडीत ८३ येतो. निम्म्याहून खाली घसरलेला दिसणारा बूस्ट प्रत्यक्षात चार किलोपास्कलनेच कमी झाला होता.

त्याहीपुढे जाऊन गुणोत्तर पाहा, कारण टर्बोची मेहनत बूस्टच्या आकड्यावरून कळत नाही. टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये (हवा दाबणाऱ्या भागात) शिरणाऱ्या हवेच्या किती पट दाबाने ती बाहेर पडते, त्यावरून कळते. पुण्यात १८२ भागिले ९५ म्हणजे १.९२ पट, खिंडीत १३८ भागिले ५५ म्हणजे २.५१ पट. ज्या टर्बोला निकामी ठरवले गेले, तो खिंडीत पुण्यापेक्षा कितीतरी अधिक काम करत होता. बेअरिंग झिजलेला, पाती खरवडलेला किंवा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) उघडे राहिलेला टर्बो अडीच पटीचे गुणोत्तर गाठू शकत नाही.

मग गाडीने पुण्यासारखा १८२ चा दाब तिथेही का दिला नाही, असे तुम्ही विचारले आहे. त्यासाठी गुणोत्तर ३.३ लागले असते. एवढ्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो. विरळ हवेत तितके गुणोत्तर गाठायला त्याला सुरक्षित मर्यादेपलीकडे फिरवावे लागेल. म्हणून इंजिनचा संगणक बाहेरचा दाब पाहून स्वतःच लक्ष्य खाली आणतो. हा बिघाड नाही, हे संरक्षण आहे. खात्री हवी असेल तर कंपनी पातळीवरचा स्कॅनर लावून ‘मागितलेला दाब’ आणि ‘मिळालेला दाब’ हे दोन रकाने शेजारी शेजारी पाहावेत. मागणी १४० आणि प्राप्ती १३८ असेल तर विषय संपला. मागणी १७० असून १३८ च मिळत असेल, तर संशयाला जागा आहे. साध्या ॲपमध्ये मागितलेला दाब बहुतेकदा दिसत नाही, आणि तो नसताना टर्बोवर ठपका ठेवणे म्हणजे अर्धीच नोंद वाचून निकाल देणे होय.

आता गाडीने दम टाकला हे तर खरेच आहे, आणि त्याचे कारणही लॉगमध्ये आहे. ॲक्सिलरेटरचे पेडल पूर्ण दाबलेल्या ओळींपैकी १,६०० आरपीएमची (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओळ काढा. पुण्यात तिथे मॅनिफोल्डचा दाब १३५ आहे, खिंडीत ६८. म्हणजे खिंडीत त्या वेगाला सिलिंडरमध्ये पुण्याच्या निम्मीच हवा जात होती. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो; हवा कमी, म्हणून इंधन कमी, म्हणून एक्झॉस्ट कमी, म्हणून टर्बोला वेग घ्यायला उशीर, आणि त्यामुळे पुन्हा हवा कमी, असे ते चक्र आहे. तुमच्या लॉगमध्ये हे चक्र २,८०० आरपीएमच्या आसपास तुटते आणि तिथून पुढे दाब झपाट्याने वर जातो. पुण्यात तीच गोष्ट २,००० च्या आत घडते. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग कमी झाला की इंजिन नेमके या मधल्या पोकळीत सापडत होते. अशा ठिकाणी निःसंकोच पहिला गिअर टाकावा, इंजिन २,५०० च्या खाली उतरू देऊ नये आणि चढावर एसी बंद ठेवावा. पूर्ण वेगात मात्र तुमचे नुकसान तितके मोठे नव्हते: ४,००० आरपीएमला हवेच्या प्रवाहाचा आकडा पुण्यात सेकंदाला ७४ ग्रॅम आणि खिंडीत ५५ ग्रॅम आहे, म्हणजे साधारण पाव भागाची घट. बिनटर्बोच्या इंजिनाने त्याच जागी चाळीस टक्क्यांच्या आसपास हवा गमावली असती. टर्बोचे मूळ कामच हे आहे. सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, लिबर्टी विमान इंजिनाला टर्बो जोडून तपासले होते, ते विरळ हवेत हरवलेली शक्ती परत मिळवता येते का हे पाहण्यासाठीच.

हवेच्या प्रवाहाचे हे दोन आकडे मी आणखी एका कारणासाठी पाहिले. मॅनिफोल्डचा दाब, तिथले तापमान, आरपीएम आणि इंजिनचे आकारमान हाती असेल तर सिलिंडर पूर्ण भरल्यास किती हवा जायला हवी हे गणिताने काढता येते. चार स्ट्रोकच्या १.२ लिटर इंजिनातून ४,००० आरपीएमला सेकंदाला ४० लिटर हवा जाते. पुण्यात १८२ किलोपास्कल आणि ४८ अंश सेल्सिअसला तिचे वजन ७९ ग्रॅम भरते, खिंडीत १३८ किलोपास्कल आणि ५२ अंशांना ५९ ग्रॅम. सेन्सरने मोजलेली हवा याच्या अनुक्रमे ९४ आणि ९३ टक्के आहे. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्यांमध्ये कुठे क्लिप सैल असती किंवा इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) चीर असती, तर मोजलेली हवा वाटेत बाहेर पडली असती आणि हा टक्का शंभराच्या आसपास किंवा वर गेला असता. दोन्ही ठिकाणी तो सारखा आणि वाजवी आहे. दाबाखालच्या नळ्या शाबूत आहेत. (ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो आणि संगणक दाबावरूनच प्रवाहाचा आकडा तयार करतो, तिथे हे गणित निरुपयोगी ठरते. तुमच्या गाडीत सेन्सर आहे.)

तापमानाबद्दल अनेकांचा समज असतो की लडाखची हवा थंड, म्हणून इंजिनला मिळणारी हवाही थंड. तुमच्या लॉगमध्ये बाहेर १० अंश असताना मॅनिफोल्डमध्ये ५२ आहेत, पुण्यात बाहेर ३० असताना ४८. हवा जितक्या अधिक पटीने दाबावी तितकी ती तापते, आणि इंटरकूलरवरून वाहणारी विरळ हवा ती उष्णता कमी प्रमाणात नेते. त्यात चढावर गाडीचा वेगही कमी. त्यामुळे ५२ हा आकडा मला चांगलाच वाटतो. इग्निशन टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते, क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत) पुण्यात १३ अंश आणि खिंडीत १६ अंश आहे. सिलिंडर कमी भरत असताना ठिणगी थोडी आधी पडणे अपेक्षितच आहे. ती उलट मागे गेली असती तर इंधनाचा दर्जा किंवा नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन आपोआप भडकणे) याकडे पाहावे लागले असते.

आता ज्या रकान्याकडे कोणीच पाहिलेले दिसत नाही, त्याकडे येतो. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची, म्हणजे संगणक इंधनात करत असलेल्या तात्पुरत्या आणि कायमच्या दुरुस्तीची, बेरीज पुण्यात अधिक ११ टक्के आहे, लेहमध्ये अधिक ७. सपाट रस्त्यावर ३,००० आरपीएमला ती २ वर येते. म्हणजे आयडलला सेन्सरने न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे, आणि संगणक जादा इंधन देऊन तोल सांभाळतो आहे. लेहमध्ये हा आकडा कमी होण्याचे कारणही सरळ आहे. आयडलला छिद्रातून आत येणारी हवा बाहेरच्या दाबाच्या प्रमाणात कमी होते, आणि लेहचा ६६ किलोपास्कल दाब पुण्याच्या सत्तर टक्के आहे. अकराचे सत्तर टक्के म्हणजे जवळजवळ आठ. इंधनाचा पंप किंवा इंजेक्टर दोषी असता तर ट्रिम आयडलपेक्षा भार वाढल्यावर बिघडली असती.

गळती व्हॅक्यूममध्ये (मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असताना) दिसते आणि बूस्टमध्ये दिसत नाही, ही यातली सर्वात मोलाची खूण आहे. असे घडते ते छिद्र एकदिशा व्हॉल्व्हच्या पलीकडे असते तेव्हा: बूस्ट आला की व्हॉल्व्ह बंद होतो आणि छिद्र झाकले जाते. अशा जागा मोजक्याच आहेत. ब्रेक बूस्टरची (ब्रेकवर पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राची) नळी, क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पेटीची) वाफ परत नेणारी नळी आणि इंधनाच्या टाकीची वाफ आणणारी पर्ज लाइन. पहिली तपासणी ब्रेकची करा, कारण तिचा संबंध सुरक्षिततेशी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक झाले की दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली जायला हवे. नंतर इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा दाबा. पहिल्याच दाबाला ते कडक लागले तर बूस्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवत नाही. उंचीवर ब्रेक बूस्टरला मिळणारी मदत आधीच कमी असते, त्यामुळे पुढच्या प्रवासाआधी हे निस्तरायलाच हवे. ब्रेक ठीक निघाल्यास उरलेल्या दोन नळ्यांसाठी गॅरेजमध्ये धुराची चाचणी (नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे) करून घ्या. टर्बोच्या किमतीच्या मानाने हा खर्च अगदी नगण्य आहे.

एअर फिल्टर मात्र आजच काढून पाहा. मनाली-लेह रस्त्यावरच्या मोरे मैदानाची धूळ त्यात भरलेली असणारच. हवा विरळ असताना तितक्याच वजनाची हवा फिल्टरमधून ओढायची तर तिचा वेग वाढतो, आणि घनता निम्मी झाली की फिल्टरमुळे होणारी दाबाची घट दुप्पट होते. पुण्यात दोन किलोपास्कलची घट जाणवतही नाही. खिंडीत तितकीच हवा ओढताना ती तीनच्या वर जाते, आणि ५५ मधले तीन टर्बोच्या तोंडापाशीच गमावणे परवडत नाही.

लॉग घेण्याच्या पद्धतीत एक बदल सुचवतो. तुमच्या फाइलमध्ये बावीस रकाने आहेत, आणि स्वस्त ब्लूटूथ जोडणी एका वेळी एकच प्रश्न विचारू शकते. त्यामुळे प्रत्येक आकडा दोन-अडीच सेकंदांनी ताजा होतो आणि एकाच ओळीत नवा आरपीएम व जुना दाब शेजारी बसतात. सुदैवाने तुम्ही पेडल बराच वेळ दाबून धरले होते, म्हणून वरचे निष्कर्ष काढता आले. पुढच्या वेळी आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, हवेचा प्रवाह, इनटेक तापमान आणि पेडलची स्थिती एवढेच पाच रकाने ठेवा. किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना आधी मॅनिफोल्ड व वातावरण हे दोन दाब जुळतात का ते पाहून टिपून घ्या. दोनपेक्षा अधिक फरक असेल तर एखादा सेन्सर खोटे बोलतो आहे. काही गाड्यांत बाहेरच्या दाबाचा वेगळा सेन्सर नसतो आणि तो आकडा किल्ली फिरवतानाच टिपला जातो, म्हणून लांब चढ चढल्यावर सुरक्षित जागी थांबून इंजिन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे.

गळती दुरुस्त झाल्यावर पुण्याजवळच्या मोकळ्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, १,५०० ते ४,५०० आरपीएम असा एक लॉग घ्या. फोन शेजारी बसलेल्याच्या हाती द्या. खंबाटकीसारखा ट्रकने भरलेला घाट यासाठी निवडू नका. महाबळेश्वरला जाणे झाले तर तिथेही एक घ्या. तिथला दाब ८६-८७ असतो, त्यामुळे लडाखला न जाताही तुमच्या गाडीचा संगणक उंचीनुसार लक्ष्य कसे बदलतो याचा एक मधला बिंदू मिळेल. दोन्ही फाइली आणि गळती कुठल्या नळीत सापडली ते इथेच टाका, मी ट्रिमचे आकडे पुन्हा ताडून पाहीन.