कवटीची पुनर्रचना, पण चेहऱ्याचं काय?

प्रश्न असा आला आहे: “निअँडरथल मानवाच्या चेहऱ्याबद्दल मराठीत लिहिताना ‘पुनर्रचना’ म्हणावं की ‘पुनर्निर्मिती’? दोन्ही शब्द खटकतात.”

खटकतात ते योग्यच आहे. ‘पुनर्रचना’ म्हटलं की मला आधी राज्य पुनर्रचना आयोग आठवतो. म्हणजे तुकडे हाताशी आहेत, मांडणी तेवढी करायची. ‘पुनर्निर्मिती’त मूळ वस्तू कशी होती हे ठाऊक असल्याचं गृहीत असतं, आणि ‘प्रतिकृती’ला तर मूळ समोरच लागतं. निअँडरथल ही तर हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली, आपल्या जवळच्या नात्यातली मानवजात; इथे चेहरा पाहिलेलं कोणीच नाही. (संधीचा नियम काटेकोर लावला तर निर् + रस = नीरस, तसं पुनर् + रचना = पुनारचना व्हायला हवं. पण इतक्या रुळलेल्या शब्दाला आता कोण हात लावणार!)

खरी अडचण अशी की इथे कामं दोन आहेत आणि शब्द आपण एकच वापरतो. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेतली ‘शानिदार झेड’ घ्या. ही सुमारे 75,000 वर्षांपूर्वीची निअँडरथल बाई. तिची कवटी दगडमातीच्या भाराने चेपून जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची झाली होती. हाडं इतकी भुसभुशीत, की संशोधकांनी त्यांना चहात बुडवलेल्या बिस्किटाची उपमा दिली. दोनशेहून अधिक तुकडे जुळवून ती कवटी उभी राहिली. ही झाली पुनर्रचना. इथे शब्द चपखल बसतो. पुढे डच शिल्पकार केनिस बंधूंनी त्या कवटीवर स्नायू आणि त्वचा चढवून चेहरा घडवला, तो 2024 मध्ये लोकांसमोर आला. हे दुसरं काम, आणि त्याला मराठीत एक नेमकं क्रियापद आहे: बेतणे.

शिंपी माप घेऊन कापड बेततो. कवटीही मापं देते: भुवईवरचा जाड उंचवटा, रुंद नाकपोकळी, हनुवटीचा अभाव. शिवाय ‘सत्य घटनेवर बेतलेली गोष्ट’ म्हणताना थोडी भर लेखकाची असणार, हे आपण धरूनच चालतो. म्हणून ‘कवटीवर बेतलेला चेहरा’. नाकाचा शेंडा, ओठ, कान हाडांत उरत नाहीत. मांसाची जाडीही आजच्या माणसांच्या मोजमापांवरून घ्यावी लागते. अंगरखा त्याचा, पण टेप आपली! (‘जिवावर बेतणे’ इथे आणू नका.)

ही भर किती असू शकते? फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे 1908 मध्ये एका वयस्क निअँडरथल पुरुषाचा सांगाडा सापडला. 1909 मध्ये चित्रकार कुपकाने त्यावरून अंगभर केसांचा, वाकलेला, वानरासारखा प्राणी रंगवला. दोनच वर्षांनी, 1911 मध्ये, शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथच्या मार्गदर्शनाखाली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्याच सांगाड्यावरून शेकोटीपाशी बसलेला, गळ्यात माळ घातलेला माणूस आला. सांगाडा तोच. अशा चित्रांखाली ‘पुनर्रचना’ छापलं तर चित्रकाराचा तर्क हाडांच्या खात्यावर जमा होतो. ‘बेतलेला’ म्हटलं की वाचक आपसूक विचारतो, बेतला कोणी?

नामच हवं असेल तर ‘अनुमानित चेहरा’ चालेल. मला मात्र क्रियापद आवडतं.

जाता जाता उच्चाराचं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या नेआंडर खोऱ्यात 1856 मध्ये चुनखडीच्या खाणीत ज्यांच्यावरून ‘निअँडरथल’ हे नाव पडलं ती हाडं सापडली, तेव्हा ‘खोरं’ या जर्मन शब्दात एच लिहीत, उच्चार मात्र ‘टाल’च. पुढे जर्मनांनी तो एच लेखनातूनही काढला. आपल्याकडे तो ‘थ’ होऊन राहिला आहे. ‘निअँडरटाल’ लिहिलंत तर मूळ उच्चाराच्या जवळ जाल. ‘निअँडरथल’ लिहिलंत तर वाचक अडखळणार नाही. मी दुसरं लिहितो.