वाचकांचे प्रश्न : न दुखणारी गाठ

वय 43. आंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही. जाऊबाई म्हणतात, पाळी जायच्या वयात असं होतं, हळदीचा लेप लाव. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी उरकून दाखवलं तर चालेल का? – एक वाचक, तासगाव

नाही ताई, याच आठवड्यात दाखवा. छाटणीमागून डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं येतं, मग विरळणी, आणि बघता बघता चार महिने जातात. गाठ दुखत नाही याचा दिलासा मानू नका, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरं, पण साधी कोणती हे बोटांना कळत नाही. लेप गाठीपर्यंत पोचत नाही. उलट त्वचा लाल झाली, तर ती लाली कशाची हे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

तपासणीचे टप्पे तीन. आधी डॉक्टर दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याखालच्या हाडाभोवती हाताने तपासतात. मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि तुमच्या वयात सोबत सोनोग्राफी. तिसरा टप्पा बायोप्सीचा. जागा बधिर करून जाड सुईने शेवईच्या तुकड्यासारखे तीन-चार बारीक तुकडे काढतात. बारीक सुईच्या तपासणीत सुट्या पेशीच मिळतात. रोग आजूबाजूला शिरलाय का हे त्यातून कळत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्यांसाठीही तुकडाच लागतो. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते “छोटीशी गाठ आहे, उद्या काढून टाकू” या घाईत. बायोप्सी न करता गाठ काढली आणि ती कर्करोगाची निघाली, तर कडेला रोग राहिलेला असू शकतो. छेदही चुकीच्या जागी पडलेला असतो. मग दुसरं ऑपरेशन करावं लागतं आणि स्तन वाचवणं अवघड होतं. कुठेही काही काढलं, तरी तो तुकडा लगेच भरपूर, म्हणजे तुकड्याच्या साधारण दहापट फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) घालून तपासायला गेला का, हे विचारा. नुसता सलाईनमध्ये पडून राहिला तर पुढच्या चाचण्या बिघडतात.

आईला 45 व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मी 34 वर्षांची आहे. मी तपासणी कधीपासून करावी? – एक वाचक, कोरेगाव

आईच्या निदानाच्या वयातून 10 वजा करा. म्हणजे 35 व्या वर्षापासून नियमित तपासणी ठेवावी. तरुण वयात स्तन घट्ट असतात. मॅमोग्राफीत ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी किंवा एमआरआय जोडतात. बीआरसीए या, घराण्यात चालणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांची तपासणी करायची झाली तर शक्यतो आधी आईची करा. आईत दोष सापडला, तरच तुमच्या तपासणीत दोष ‘नाही’ आला, तर त्याला पक्का अर्थ येतो.

मॅमोग्राफीला जाताना काय काळजी घ्यावी? रिपोर्टवर ‘बायरॅड्स 0’ आहे, म्हणजे काही नाही ना? – एक वाचक, कराड

बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निष्कर्षाला दिलेला क्रमांक. त्यात शून्य म्हणजे तपासणी अपुरी. आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. 1 आणि 2 ला चिंता नाही, 3 ला साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, 4 आणि 5 ला बायोप्सी. गाठ हाताला लागते आणि रिपोर्ट मात्र चांगला आहे, असं असेल तर तिथे थांबू नका. काही गाठी मॅमोग्राफीत दिसत नाहीत.

त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका. त्याचे कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात. पाळी चालू असेल तर ती आल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी जा, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. स्तन काही सेकंद दाबला जातो. दाब नीट नसेल तर फोटो धूसर येतो आणि किरणंही जास्त लागतात. जुने फोटो न विसरता न्या, कारण नवा ठिपका तुलनेतूनच कळतो.

उपकेंद्रात 30 वर्षांवरच्या बायकांचे स्तन नुसते हाताने तपासतात. त्याचा उपयोग होतो का? – एक आशाताई, वाई तालुका

होतो. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही.

तपासताना चिमटीत धरू नका, चिमटीत साधी ग्रंथीही गाठच वाटते. मधल्या तीन बोटांची पेरं टेकवून रुपयाएवढी गोल फिरवा. आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, नांगराच्या तासांसारख्या उभ्या ओळींत, मध्ये जागा न सोडता. बोंड नव्याने आत ओढलं जाणं, आपोआप रक्ताळ स्राव, खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, यांतलं काहीही दिसलं तर गाठ लागली नाही तरी पाठवा.

आणि पाठवलेली बाई साताऱ्याच्या सिव्हिलला खरंच पोचली का, हे आठ दिवसांत तिच्या घरी जाऊन विचारा. जाताना तिच्याकडे आधार आणि रेशनकार्ड असू द्या. निदान झालं तर मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) तेच लागतं.