मन म्हणतंय म्हणून ऐकायचं का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, आमच्या आप्पांना पेरणीचं लई अचूक कळतं, माती मुठीत घेतली की सांगतात वाफसा आहे का थांबायचं. पण तेच आप्पा आता सोयाबीनची पोती घरात लावून बसलेत, मोंढ्यात न्यायचं नावच घेत नाहीत, म्हणायलेत माझं मन सांगायलंय भाव वाढणार. इकडं कर्जाचं व्याज चालूच आहे. पेरणीत त्यांचं मन खरं ठरतं तर भावात कामून ठरणार नाही?
– एक वाचक, औसा

उत्तर : कारण मातीनं आप्पांना दरवर्षी उत्तर दिलंय. पेरलं की आठवड्याभरात उगवण दिसते, दाट आली का विरळ आली ते डोळ्यासमोर असतं, आणि ओल न् उगवण यांचा नियम काही दरसाल बदलत नाही. असं वर्षानुवर्षं बघत गेलं की हात लावताच ओळख पटते, कारण सांगता येत नाही तरी पटते. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं आग विझवणाऱ्यांचा असाच अभ्यास केला. एका घरात पाणी मारूनही आग हटेना, नेहमीपेक्षा उष्णता जास्त आणि आवाज कमी, तेव्हा प्रमुखानं का ते न कळताच सगळ्यांना बाहेर काढलं आणि लगेच फरशी खचली, खरी आग खाली तळघरात होती. त्याला वाटलं आपल्याला सहावं इंद्रिय आहे, पण तो अनुभव होता.

डॅनियल काहनेमन, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मात्र अशा झटपट अंदाजांच्या चुका शोधण्यासाठी ओळखले जायचे. पण २००९ मध्ये या दोघांनी मिळून लेख लिहिला आणि एकमत झालं ते असं, की ज्या गोष्टीत नियमितपणा आहे आणि आपला अंदाज बरोबर का चूक हे पुन्हा पुन्हा कळत राहतं, तिथंच मनावर भरवसा ठेवावा. मनाला किती खात्री वाटते यावरून काहीच ठरत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता सोयाबीनचा भाव बघा, ब्राझीलचं पीक, पेंडीची मागणी, खाद्यतेलाचं आयात शुल्क, यातलं काही आप्पांच्या मुठीत येत नाही. २०२१ मध्ये लातूरला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता तो आकडा कित्येकांच्या डोक्यात बसलाय, म्हणून तो परत येईल असं वाटतं, आणि नंतर २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्याही खाली होता हे तेवढं आठवत नाही. आप्पांशी वाद घालू नका, त्यांना दुखवून काही साधणार नाही. निम्मा माल विकून कर्ज हलकं करू म्हणा, आणि उरलेल्यासाठी कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं ते आत्ताच दोघांनी मिळून ठरवा. बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू आहे का तेही विचारा, माल ठेवून कर्ज मिळतं, घाईनं विकावं लागत नाही.

प्रश्न : स्थळ बघायला आलं न् दहा मिनिटांत माझं मन नको म्हणालं. घरचे म्हणतात एवढ्यात काय कळतं. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : त्याच्या बोलण्या-वागण्याची भीती वाटली असेल तर पुढं विचारच करू नका, मनाचं ऐका. तसं नसेल तर मात्र दहा मिनिटांचं मत लगेच पक्कं करू नका. हेच काहनेमन तरुणपणी इस्रायलच्या सैन्यात होते, तिथं त्यांनी नव्या सैनिकांच्या मुलाखतीची पद्धत बदलली, आधी एकेका स्वभावगुणाबद्दल ठरलेले प्रश्न विचारून वेगवेगळे मार्क द्यायचे आणि मग अगदी शेवटी डोळे मिटून स्वतःचं मत सांगायचं. त्या शेवटच्या मताचाही चांगला उपयोग झाला. तुम्ही पण पुन्हा एकदा भेटा, तुमच्या नोकरीबद्दल काय वाटतं, पैशाचा व्यवहार, घरातली कामं, राग आल्यावर काय करतो, हे सगळं सरळ विचारा. एवढं करूनही मन नकोच म्हणालं तर घरच्यांना नाही म्हणून सांगा, कारण शोधत बसू नका.