वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय, अमेरिकेतल्या सिमेट्रीत डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचा दगड आहे असा. पण त्या तर पुण्यात वारल्या ना? मग दगड तिकडे कसा काय, फोटो फेक आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: नाही हो, फोटो खरा आहे आणि तुमचंही बरोबर आहे. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच गेल्या, क्षयाने, बावीसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अंत्यसंस्कार इथेच झाले, पण गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या बाईंनी आपल्या घरच्यांच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत त्या पुरल्या. म्हणजे ते काही सरकारी स्मारक वगैरे नाही, एका अमेरिकन कुटुंबाच्या थडग्यांमध्ये कल्याणच्या जोश्यांची लेक आहे.

आता या कार्पेंटरबाई कोण, तर ती गोष्ट भारीच आहे. गोपाळराव पोस्टात कारकून, बायकोला शिकवायचंच या हट्टाने १८८० मध्ये त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, तिकडून आधी ख्रिस्ती व्हा अशा थाटाचं उत्तर आलं आणि वर तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाताला लागला आणि त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र धाडलं. पुढे पत्रं सुरूच राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या! १८८३ मध्ये कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीने निघाल्या तेव्हा न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला मावशीच हजर. गंमत बघा, निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत (नगरचं नाही, बंगालमधलं) आनंदीबाईंनी ठणकावून सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाणार नि हिंदू म्हणूनच परत येणार, आणि तसंच केलं. शेवटी अस्थी तिकडे गेल्या त्या धर्म बदलून नाही, मावशीच्या नात्याने गेल्या, असं आपलं मला वाटतं.

प्रश्न: आनंदीबाईंनी प्रॅक्टिस किती वर्षं केली?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: केलीच नाही. फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजची डिग्री मार्च १८८६ ची, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची नेमणूकही ठरली होती, पण १८८६ संपता संपता परत आल्या त्या आजारी होऊनच, रुजू व्हायला जमलंच नाही. प्रॅक्टिसबद्दलच वाचायचं असेल तर डॉ. रखमाबाईंचं वाचा, त्यांनी सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं दवाखाने सांभाळले आणि त्या थेट १९५५ पर्यंत होत्या. त्यांच्या लग्नाच्या कोर्टकेसवरच सगळे बोलतात, डॉक्टरकीवर फार कोणी लिहीत नाही, हे मात्र खटकतं.